वजनाचं इंजेक्शन: किंमत विचारण्याआधी काय तपासायचं

तुमच्या चालू असलेल्या सगळ्या औषधांची पिशवी आधी टेबलावर रिकामी करा. बीपीची गोळी, शुगरची, थायरॉइडची, पाळीची, वैद्यांनी दिलेलं चूर्ण, जिममधून आणलेला डबा, सगळं बाहेर काढा. वजन कमी करायच्या इंजेक्शनची चौकशी खरं तर इथून सुरू व्हायला हवी. मी फार्मासिस्ट आहे, नाशिकला इंदिरानगरात आमचं मेडिकल आहे, आणि काउंटरवर पहिला प्रश्न मात्र हमखास असा येतो: "ताई, ते वजनाचं इंजेक्शन केवढ्याला पडतं?" किंमत मी सांगते. पण त्याआधी मला काही विचारायचं असतं, आणि मागे रांग असली की ते नीट विचारता येत नाही. पित्ताशय, गर्भपात, घरातला कॅन्सर असले विषय चार माणसांत बोलायला लोक कचरतात. म्हणून ते सगळं इथे सविस्तर लिहितेय.

नावांचा गोंधळ आधी मिटवू. बाजारात मुख्यतः दोन औषधं आहेत. टिर्झेपटाइड, ते मौंजारो नावाने मार्च 2025 मध्ये भारतात आलं. आणि सेमाग्लुटाइड, ते वजनासाठी वेगोव्ही नावाने जून 2025 मध्ये आलं. ओझेम्पिक म्हणून ज्याची इतकी चर्चा असते तेही सेमाग्लुटाइडच, फक्त मधुमेहासाठीचं. सेमाग्लुटाइडचं भारतातलं पेटंट मार्च 2026 मध्ये संपलं, त्यामुळे इतर कंपन्यांनाही ते बनवायचा मार्ग मोकळा झाला. म्हणून यापुढे खोक्यावरच्या मोठ्या नावाकडे बघून चालणार नाही, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं मूळ औषध वाचायची सवय लावा.

सिडकोतले एक काका आमच्याकडून महिन्याची औषधं नेतात. त्यात रायबेल्सस ही शुगरची गोळी असते. एकदा बोलता बोलता म्हणाले, मुलाने दुसरीकडून माझ्यासाठी वजनाचं इंजेक्शन आणलंय, मी दोन आठवडे घेतोय, पण आता मला अन्नाचा वासही नको वाटतो. खोक्याचा फोटो मागवला तर सेमाग्लुटाइड. रायबेल्ससही सेमाग्लुटाइडच, गोळीच्या रूपातलं. एकच औषध तोंडाने आणि सुईने दोन्हीकडून चाललेलं, आणि दोन डॉक्टरांना एकमेकांचा पत्ता नाही. मी त्यांच्यासमोरच त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावला आणि दोन्हींपैकी काय ठेवायचं ते ठरवून घेतलं. पिशवी ओतायला सांगते ती याचसाठी.

औषध तुमच्यासाठी आहे का?

ही औषधं जेवणानंतर आतड्यातून सुटणाऱ्या हार्मोनसारखं काम करतात. मेंदूला पोट भरल्याचा निरोप जातो, जठरातलं अन्न हळू पुढे सरकतं, साखर वाढली की इन्शुलिन जास्त सुटतं. परिणाम खरा आहे, त्यात शंका नाही. मोठ्या चाचण्यांत आहार आणि व्यायामासोबत सेमाग्लुटाइडच्या पूर्ण डोसवर 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं, टिर्झेपटाइडच्या सर्वात मोठ्या डोसवर 72 आठवड्यांत 21 टक्क्यांच्या आसपास. पण त्या चाचण्यांत माणसं निवडून घेतलेली होती. तीच निवड तुमच्या बाबतीतही व्हायला हवी.

बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, घरीच काढा. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचं. उंची 165 सेंटिमीटर आणि वजन 82 किलो असेल तर 82 भागिले 1.65, परत भागिले 1.65, उत्तर 30.1. वजनासाठी ही इंजेक्शनं बीएमआय 30 किंवा त्यावर असणाऱ्या मोठ्या माणसांसाठी आहेत. 27 किंवा त्यावर असेल आणि सोबत बीपी, टाइप 2 मधुमेह, कोलेस्टेरॉल, झोपेत श्वास अडकणं असा वजनाशी जोडलेला एखादा आजार असेल, तरीही डॉक्टर विचार करतात. आपल्या लोकांत पोटावरची चरबी लवकर त्रास देते, म्हणून भारतीयांसाठी लठ्ठपणा 25 पासूनच धरतात आणि कमरेचा घेर पुरुषांत 90, बायकांत 80 सेंटिमीटरच्या आत असावा असं सांगतात. पण तो आकडा तपासण्या सुरू करायला आणि खाण्यापिण्याकडे लक्ष द्यायला लावणारा आकडा आहे. 25 ओलांडले म्हणून लगेच सुई लागते असं कुणी समजू नये.

दिवाळीनंतर लग्नसराई सुरू झाली की आया येतात. एका बाईंनी मुलीचा फोटो दाखवला, दोन महिन्यांवर लग्न, "शालू नेसल्यावर जरा जाड दिसते हो ती." मुलीची उंची 158, वजन 60. बीएमआय 24. मी स्पष्ट सांगितलं, हे औषध हिच्यासाठी नाही. शिवाय हे औषध दोन महिन्यांत उरकणारं नाही. पहिले चार आठवडे तर शरीराला सवय व्हावी म्हणून अगदी लहान डोस असतो, दुसरा महिना डोस चढवण्यात जातो, आणि नवी नवरी हळदीच्या दिवशी उलट्या करत बसते. लग्नानंतर लगेच दिवस राहिले तर पोटातल्या बाळाचा प्रश्न वेगळाच. बाई रागावून गेल्या. जाऊ देत.

ज्यांनी घेऊच नये

घरात किंवा स्वतःला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर (थायरॉइडच्या कॅन्सरचा एक दुर्मीळ प्रकार) झालेला असेल, किंवा एमईएन-2 हा आनुवंशिक विकार असेल, तर ही इंजेक्शनं घ्यायची नाहीत. इथे सर्वांत जास्त घोळ होतो. "मला थायरॉइड आहे, मग चालणार नाही ना?" असं विचारणाऱ्या दहा जणींतल्या बहुतेकींना हायपोथायरॉइड असतं, म्हणजे थायरॉइड ग्रंथी कमी काम करते, सकाळी उपाशीपोटी घ्यायची ती छोटी गोळी चालू असते. त्याने इंजेक्शन बंद होत नाही. फक्त वजन उतरायला लागलं की टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी पुन्हा करावी लागते, गोळीचा डोस बदलू शकतो. उलट "आमच्या आत्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं, कसलं ते माहीत नाही" असं सांगणाऱ्यांनी मात्र आधी आत्याच्या घरी फोन करून जुना रिपोर्ट शोधायला सांगावा. कॅन्सर होता का, असला तर कोणत्या प्रकारचा, हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गरोदर बाईने घ्यायचं नाही, अंगावर पाजणाऱ्या आईनेही नाही. मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी आणि टिर्झेपटाइड किमान एक महिना आधी बंद करावं लागतं, कारण शेवटची सुई घेतल्यावरही औषध काही आठवडे अंगात राहतं. पीसीओडी असलेल्या मुलींनी हे नीट ऐका: वजन कमी झालं की पाळी सुधारते आणि अनेक वर्षं न राहिलेले दिवस अचानक राहू शकतात. त्यात टिर्झेपटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. म्हणून सुरुवातीचे चार आठवडे आणि दर वेळी डोस वाढवल्यानंतरचे चार आठवडे कंडोम वापरा. हे वाक्य मी मुलीला बाजूला घेऊन सांगते, आईसमोर सांगितलं तर तिच्या कानात शिरत नाही.

स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल, म्हणजे पॅन्क्रियाटायटिस झाला असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी स्वतः सांगा. पित्ताशयात खडे असतील, जठर आधीपासून संथ चालत असेल, टाइप 1 मधुमेह असेल, पूर्वी खाण्याशी निगडित मानसिक आजार झाला असेल, हेही सांगा. मधुमेह जुना असेल तर सुरू करण्याआधी डोळ्याच्या पडद्याची तपासणी करून घ्या. साखर झपाट्याने खाली आली की आधीच खराब असलेला पडदा आणखी बिघडू शकतो. सत्तरीच्या पुढची, आधीच बारीक झालेली, हातपाय लटपटणारी माणसं असतील तर मी फार जपून बोलते, कारण या औषधाने चरबीबरोबर स्नायूही जातात आणि त्या वयात गेलेला स्नायू परत येणं अवघड.

पिशवीतलं काय शोधायचं

शुगरच्या गोळीच्या पाकिटामागे ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड हे शब्द आहेत का बघा. मेटफॉर्मिनसोबत एकाच गोळीत ते बऱ्याचदा असतं आणि पेशंटला वाटतं आपण नुसती मेटफॉर्मिन घेतोय. या गोळीवर किंवा इन्शुलिनवर हे इंजेक्शन चढवलं आणि जेवण निम्म्यावर आलं की साखर एकदम पडते: घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. डॉक्टर बहुधा त्या गोळीचा किंवा इन्शुलिनचा डोस आधीच कमी करतात. तो तुम्ही आपल्या मनाने करायचा नाही. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन अशी "ग्लिप्टिन" शेपूट असलेली गोळी असेल तर तिचा या इंजेक्शनसोबत वेगळा फायदा नसतो, ती सहसा थांबवतात. बीपीची आणि लघवी वाढवणारी गोळी असेल तर वजन उतरताना बीपी खाली जाऊन चक्कर येऊ शकते, आणि उलट्या-जुलाब सुरू झाले तर मूत्रपिंडावर ताण येतो.

ही यादी कागदावर लिहून एमडी मेडिसिन किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनचे डॉक्टर) यांच्याकडे जा. एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), लिव्हरचे आकडे, कोलेस्टेरॉल, टीएसएच हे रिपोर्ट सोबत असले तर पहिल्याच भेटीत निर्णय होतो. वय बसत असेल तर गरोदरपणाची तपासणीही. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी पाठवून मिळालेली चिठ्ठी किंवा मैत्रिणीच्या नावाची चिठ्ठी घेऊन आलात तर मी औषध देत नाही.

विकत घेताना आणि घरी नेताना

हे औषध चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. पार्लरमध्ये, जिममध्ये, इन्स्टाग्रामवर कुणी भरलेली सिरिंज किंवा लेबल नसलेली बाटली देत असेल तर तिथून उठून या. जून 2024 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बनावट सेमाग्लुटाइडचा इशारा दिला होता, ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत तसा माल सापडला होता. बिल पक्कं घ्या, त्यावर बॅच नंबर असू द्या आणि तो खोक्यावरच्या नंबराशी तिथेच जुळवून बघा. मग पेन उजेडात धरा. आतलं द्रव पाण्यासारखं स्वच्छ दिसलं पाहिजे, टिर्झेपटाइडला किंचित पिवळसर झाक चालते. गढूळपणा, कण, तरंगणारं काही दिसलं तर परत करा.

फ्रिजमध्ये 2 ते 8 अंशांत ठेवायचं, मधल्या कप्प्यात. फ्रीझरच्या खालच्या कप्प्यात मागच्या भिंतीला टेकवून ठेवलं तर गोठतं, आणि एकदा गोठलेलं औषध वितळलं तरी फेकूनच द्यायचं. बाहेर किती दिवस टिकतं ते प्रत्येक ब्रँडच्या पत्रकात दिलेलं असतं, पण ती मुदत 30 अंशांच्या आतली. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा स्कूटरच्या डिकीत किंवा त्र्यंबकेश्वरला दर्शनासाठी उन्हात लावलेल्या गाडीत हे औषध तासभरही ठेवू नका. गोळे कॉलनीच्या औषधबाजारातून घेतलं काय किंवा घराजवळून, पिशवीत बर्फाची पॅक असावी आणि पॅक व खोकं यांच्यामध्ये जाड कापड असावं.

सुई आठवड्यातून एकदा, एकाच ठरलेल्या वाराला. पोटावर बेंबीपासून चार बोटं सोडून किंवा मांडीवर, दर वेळी जागा बदलून. बाटली आणि सिरिंजचा प्रकार असेल तर विशेष लक्ष द्या. मौंजारोच्या एका बाटलीत एका वेळचा 0.5 मिलीलिटर डोस असतो. आपल्याकडे इन्शुलिनच्या सिरिंज दोन प्रकारच्या मिळतात, एका मिलीलिटरला 40 युनिटच्या खुणा असलेल्या आणि 100 च्या. अर्धा मिलीलिटर पहिलीत 20 च्या खुणेवर येतो, दुसरीत 50 च्या. "किती युनिट?" असं फोनवर विचारून भरणं म्हणूनच धोक्याचं. पहिली सुई दवाखान्यात किंवा आमच्यासारख्यांसमोर बसून भरायला शिका. पेन असेल तर दर वेळी नवी सुई लावायची, आणि एक पेन नवरा-बायकोने वाटून घ्यायचं नाही. सुई बदलली तरी रक्तातून पसरणारे आजार पेनमधून जाऊ शकतात. पैसे वाचतात म्हणून लोक हे करतात, मला ठाऊक आहे.

पहिले महिने

टिर्झेपटाइड 2.5 मिलिग्रॅमने सुरू होतं, चार आठवड्यांनी 5. वेगोव्ही 0.25 ने सुरू होतं आणि महिन्या-महिन्याने 0.5, 1, 1.7 असं करत 2.4 पर्यंत जातं. त्रास होत असेल तर डॉक्टर आहे त्याच डोसवर जास्त दिवस थांबवतात. घाई केली की उलट्या ठरलेल्या. टिर्झेपटाइडची सुई चुकली आणि चार दिवसांच्या आत आठवली तर घ्या, त्यापुढे गेलं तर ती सोडून पुढच्या ठरलेल्या वारी घ्या. सेमाग्लुटाइडला खोक्यातल्या पत्रकाप्रमाणे चाला. दोन डोस एकदम कधीच नाही, आणि काही आठवडे खंड पडला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जुन्या मोठ्या डोसवर उडी मारू नका.

मळमळ, बद्धकोष्ठता, जुलाब, आंबट ढेकर हे बहुतेकांना सुरुवातीला होतं. रविवारची तर्रीवाली मिसळ नाशिककराला सोडवत नाही, पण डोस वाढवल्यानंतरचे काही आठवडे ती बाजूला ठेवा. तेलकट अन्न आधीच संथ झालेल्या जठरात पडून राहतं. मटकी खायचीच आहे तर उसळ करून खा, सोबत ताक. कमी खाल्लं जाणार आहे, मग जे खाल ते डाळ, अंडी, पनीर, मासे, चिकन यांनी सुरू करा आणि पोळी-भात नंतर. कृषीनगरच्या ट्रॅकवर फेऱ्या मारता ते छानच, पण स्नायू टिकवायला आठवड्यातून दोन-तीनदा वजन उचलायचा किंवा उठाबशांसारखा व्यायाम लागतो. दारूबद्दल एकच सांगते, तुम्ही शुगरच्या गोळ्यांवर असाल किंवा स्वादुपिंडाचा त्रास झालेला असेल तर वाइनचा एक ग्लासही डॉक्टरांना विचारूनच.

उपवासाबद्दल मला कळकळीने सांगायचंय. श्रावणी सोमवार, एकादशी, नवरात्र, आपल्याकडे काही ना काही चालूच असतं. या औषधावर भूक लागत नाही, तहानही जाणवत नाही, त्यामुळे उपवास सोपा जातो असं वाटतं. तिसऱ्या श्रावणी सोमवारी निर्जळी राहून ब्रह्मगिरीची फेरी करायला निघालात तर शरीरातलं पाणी कधी संपलं ते कळणारही नाही. फेरी करा, देव कुठे नाही म्हणतोय, पण पाणी, मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी घेत राहा, आणि ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन चालू असेल तर उपवासाच्या दिवशी त्याचं काय करायचं ते आधी विचारून घ्या. साबुदाण्याची तेलकट खिचडीही त्या दिवशी जड पडेल.

वाट न बघता दवाखाना गाठा

पोटाच्या वरच्या भागात जोराची कळ, ती पाठीत जाते, थांबत नाही, सोबत उलट्या: ही स्वादुपिंडाची सूज असू शकते. "गॅस झालाय" म्हणत ओवा चावत रात्र काढू नका. पुढची सुईही घेऊ नका. उजवीकडे बरगडीखाली दुखणं, ताप, डोळे पिवळे: पित्ताशय. दिवसभर पाणीही पोटात टिकत नाही आणि लघवी कमी होऊन गडद झाली: मूत्रपिंडाला धोका. तोंड सुजणं, श्वास लागणं: अ‍ॅलर्जी, त्यात मिनिटही दवडू नका. एका डोळ्याने अचानक कमी दिसायला लागलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. सेमाग्लुटाइडमुळे डोळ्याच्या नसेचा एक आजार फार क्वचित होतो, दहा हजारांत एखाद्याला, असं युरोपच्या औषध नियामकाने 2025 मध्ये नोंदवलंय. मानेत गाठ लागली, आवाज बसून राहिला, तर तेही दाखवा.

ऑपरेशन किंवा एंडोस्कोपी ठरली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना या सुईबद्दल आणि शेवटची कधी घेतली तेही सांगा. रात्रभर उपाशी राहूनही जठरात अन्न शिल्लक असू शकतं, आणि भुलेत ते श्वासनलिकेत जायची भीती असते.

सुरू करण्याआधीच पुढच्या वर्षाचा खर्च मांडा. मौंजारो आलं तेव्हा 2.5 मिलिग्रॅमची एक बाटली 3,500 रुपयांना आणि 5 ची 4,375 रुपयांना होती, आणि महिन्याला अशा चार बाटल्या लागतात. आता कुठली कंपनी, कुठला डोस यावर आकडा बदलतो. पण सुई थांबली की भूक परत येते: सेमाग्लुटाइडच्या चाचणीत औषध बंद केल्यावर वर्षभरात लोकांचं उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आलं. तीन महिन्यांचे पैसे आहेत म्हणून तीन महिने घेऊ, असा हिशोब असेल तर ते पैसे राखून ठेवा आणि डॉक्टरांशी दुसऱ्या उपायांवर बोला. बंद करायचंच झालं तर तेही त्यांच्या देखरेखीखाली, शुगरच्या गोळ्या पुन्हा जुळवून.

काही विचित्र त्रास झाला तर खोकं टाकू नका, बॅच नंबर लागतो. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करायला 1800-180-3024 हा देशभराचा मोफत नंबर आहे, तिथे पेशंट स्वतः सांगू शकतो. आणि वापरलेल्या सुया ओल्या-सुक्या कचऱ्यात सुट्या टाकू नका. जाड प्लास्टिकच्या बाटलीत भरून झाकण घट्ट लावा, वर "सुया" असं लिहा आणि घंटागाडी आली की सफाई कामगाराला सांगून वेगळी हातात द्या.